माईकशिवाय अश्वजीत

जबलपुरातल्या निम्म्या मराठी घरांतली लग्नं आपण लावली, असं अश्वजीत रामटेके छातीठोकपणे सांगायचा. लग्नं अर्थातच भंतेजी लावत. अश्वजीत माईकवर असे. पण भंतेजी दहा मिनिटांत मोकळे होत आणि अश्वजीत तीन तास चाले, त्यामुळे लोकांनाही तसंच वाटू लागलं होतं. वराकडच्या मंडळींना बसवणं, वधूच्या मामाला व्यासपीठावर ओढणं, आहेर देणाऱ्याचं नाव असं घेणं की त्याला आपण गावजेवण घातल्यासारखं वाटावं, हे सगळं त्याला जमायचं. दिवसा तो बिजली दफ्तरात बाबू होता. तिथे त्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. संध्याकाळी माईक हातात आला की मात्र झरा फुटे.

झरा फुटण्याआधी गळा साफ करावा लागे. त्याचं औषध मुलीच्या शाळेतल्या जुन्या निळ्या पाण्याच्या बाटलीत असायचं. निळी एवढ्यासाठी की आतला रंग दिसू नये. वास यायचाच, पण त्यावर त्यानं लवंग शोधून काढली होती. त्यामुळे आजूबाजूच्यांना दारू आणि लवंग असा मिश्र वास येई, इतकंच.

अडचण फक्त पाचव्या शीलाची होती. कार्यक्रमाच्या सुरुवातीला त्रिशरण-पंचशील म्हणायचं. पहिली चार शीलं अश्वजीत खणखणीत म्हणायचा, आणि मद्यापासून लांब राहण्याचं पाचवं आलं की माईक खरखरू लागायचा. साऊंडचा धंदा त्याच्या पुतण्याचा, बंटीचा. लोक बंटीला शिव्या घालत.

"माईक बराबर पाचव्यालेच काहून खराब होते रे?" अश्वजीतची आई, मालनबाई, पहिल्या रांगेतून विचारायची. तिला ऐकू कमी यायचं, पण जे ऐकू यायचं ते नेमकं असायचं.

हे असं वीस-पंचवीस वर्षं चाललं. मग एकताचं साक्षगंध आलं.

एकता अश्वजीतची एकुलती मुलगी. मुलगा बालाघाटचा, नाव सुमेध. त्याच्याआधी एक हर्षदीप नावाचं स्थळ आलं होतं, ते मोडलं. का मोडलं हे दोन्ही घरांनी झाकून ठेवलं होतं. साक्षगंधाच्या दिवशी अश्वजीतनं स्वतःच्याच मुलीचा कार्यक्रम म्हणून गळा जरा जास्तच साफ केला. आणि भरल्या हॉलमध्ये, सुमेधच्या आईवडिलांसमोर, त्यानं दोन्ही हात पसरून जाहीर केलं, "आमच्या एकतासाठी लाखात एक निवडलेले, चिरंजीव हर्षदीप!"

हॉल गप्प झाला. अश्वजीतला वाटलं आवाज पोचला नाही, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यानं त्या नावावर एक चारोळीही जोडली. सुमेधच्या वडिलांच्या तोंडात तेव्हा नेमकी रसमलाई होती. त्यांना ती गिळताही येईना आणि बाहेरही काढता येईना.

एकता खुर्चीवरून उठली, आली, बापाच्या हातून माईक घेतला आणि बटण बंद केलं.

साक्षगंध मोडलं नाही, ते सुमेधमुळे. "नाव चुकलं, माणूस तर मीच आहे," असं तो म्हणाला म्हणतात. पण घरी आल्यावर एकतानं सांगून टाकलं, "पापा, शादी में माइक आपके हाथ में नहीं होगा. आणि बॉटल राहिली, तर तुम्हीपण नाही." तिची मराठी एवढीच होती, पण पुरेशी होती. अश्वजीतच्या बायकोनं, इंदूनं, भांडण केलंच नाही. तिनं फक्त सकाळ-संध्याकाळ दुधी करायला सुरुवात केली. दुधीची भाजी, दुधीची डाळ, दुधीचे मुटके. आठवडाभरात अश्वजीतच्या लक्षात आलं की ही बाई बोलून राहिली आहे.

नंबर एकतानंच मोबाइलवर शोधला. दारू सोडलेल्या, सोडत असलेल्या आणि सोडायची आहे असं म्हणणाऱ्या लोकांची बैठक. दर रविवारी संध्याकाळी, छावणीतल्या सदर भागात, एका शाळेच्या मागच्या इमारतीत. अश्वजीतनं छतावर जाऊन फोन लावला. पलीकडून मोहन नावाचा कोणी बोलला, मागे वेल्डिंगचा आवाज.

"पहचान का तो कोई नहीं मिलेगा न?" अश्वजीतनं दबक्या आवाजात विचारलं.

"भाईसाहब, जबलपुर है," मोहन म्हणाला. "मिलेगा ही."

रविवारी अश्वजीत निघाला तो डोक्याला हेल्मेट आणि तोंडाला मफलर गुंडाळून. मे महिना होता. सदरच्या बाजारात पारा चढलेला, आइस्क्रीमच्या गाड्यांभोवती फौजी कुटुंबांची गर्दी, आणि त्यातून हा लोकरी मफलर घालून चाललेला. ज्यांनी एरवी मान वर केली नसती त्यांनीही केली. रसवाल्यानं तर हाक मारली, "रामटेके भैया, तबीयत ठीक है?"

शाळेच्या मागच्या इमारतीत पहिल्याच खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. अश्वजीत आत शिरून शेवटच्या बाकावर बसला. समोर एक बाई उभी राहून सांगत होती की दोन वर्षांपूर्वी तिला आरशात बघवत नव्हतं. नवरा बोलत नव्हता, मुलं लाजत होती. मग ती इथे आली. "और मेरी लाइफ चेंज हो गई!" टाळ्या. मग एक गृहस्थ उठले. त्यांचीही लाइफ चेंज झाली होती. त्यांना पूर्वी जिना चढता येत नव्हता. अश्वजीतला ते पटलं, त्यालाही कधीकधी येत नसे. लोक कसे हसतमुख, कसे मोकळे! त्याचा ऊर भरून आला. आणि समोरच्या बाईनं "नए भैया, आप भी कुछ कहिए" म्हटल्याबरोबर तो मफलर सोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मेरा नाम अश्वजीत. मैं तीस साल से शराब पी रहा हूँ और मैंने अपनी बेटी की सगाई में दूसरे लड़के का नाम बोल दिया."

टाळ्या झाल्या नाहीत. पुढच्या बाकावरच्या एकीनं पर्स जवळ ओढली. फळ्याकडे आता कुठे अश्वजीतचं नीट लक्ष गेलं. तिथे एका पावडरच्या डब्याचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, वजन घटाओ.

"वैसे अपना शेक लिवर के लिए भी अच्छा है," समोरची बाई सावरून म्हणाली. मग बिचारी दारापर्यंत आली आणि हळूच बोट दाखवलं. "वो लोग सबसे पीछे बैठते हैं. ताली की आवाज नहीं आएगी, इसलिए पता नहीं चलता."

मागच्या खोलीत खरंच टाळ्या नव्हत्या. गोल मांडलेल्या खुर्च्या, स्टीलची चहाची टाकी, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. गोहलपूरला वेल्डिंगचं दुकान असलेला मोहन होता, त्यानं फोनवरचा आवाज ओळखून खुर्ची पुढे केली. आणि मध्ये एक साठीची बाई होती, कडक इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला दोरी. अश्वजीतला वाटलं, ही शाळेची हेडमास्तरीण असणार, खोलीची किल्ली द्यायला थांबली असेल. तेवढ्यात ती हजेरी घेतल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मी विनता. दारुडी."

आडनावं तिथे कोणी सांगत नसे. विनताताई सदरच्याच, नवरा फौजेत होता. त्याच्या कोट्यातली रम त्या स्टीलच्या पेल्यातून काढा म्हणून प्यायच्या. सासूनं कौतुकानं सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं की आमच्या सूनबाई रोज काढा घेतात, म्हणून सर्दी नाही. त्यांनी हे इतक्या कोरडेपणानं सांगितलं की अश्वजीतला हसावं की नाही कळेना. बाकीचे हसले, मग तोही हसला.

त्याची पाळी आली. आणि काय सांगावं, समोर माणसं गोल बसलेली, सगळ्यांच्या नजरा आपल्यावर! येण्याआधी त्यानं थोडा गळा साफ केलेलाच होता. अश्वजीत सुटला. शेर झाले, दोन चुटकुले झाले, पिण्याचं खापर साहेबावर, सासऱ्यावर आणि उन्हाळ्यावर फुटलं, साक्षगंधाचा प्रसंग त्यानं रसमलाईसकट रंगवला. शेवटाकडे आवाज कापरा केला.

"धन्यवाद. आता बसा," विनताताई म्हणाल्या.

"अजून शेवट राहिला."

"शेवट इथे कोणाचाच झाला नाही. बसा."

नंतर चहाच्या टाकीपाशी त्यानं सवयीनं विचारलं, "कसं झालं?"

"आवाज चांगला आहे. गोष्ट कोणाची होती?"

"माझीच तर होती!"

"अच्छा? त्यात तुमचा साहेब होता, सासरा होता, जबलपूरचा उन्हाळा होता. तुम्ही मला कुठे दिसले नाही."

अश्वजीतला राग आला. पण पुढच्या रविवारी तो गेला, कारण घरी दुधी होता. त्याच्या पुढच्याही रविवारी गेला. बाटली कमी झाली, मग लपली, मग काही दिवस खरंच बंद झाली; त्या दिवसांत तो बैठकीत नुसता ऐकत बसे. तरी तक्रारी होत्याच. चहा फिका आहे. टाळ्या नाहीत. आणि हे लोक आपल्यापेक्षा मोठ्या कुठल्या तरी शक्तीवर सगळं सोपवा म्हणतात.

"आमच्यात देव मानत नाही, ताई," त्यानं बाणेदारपणे सांगितलं. "मी कोणावर सोपवू?"

"घरात तुमच्यापेक्षा मोठं कोणी नाही? ज्याच्यापुढे तुमचं काही चालत नाही असं?"

अश्वजीतनं विचार केला. "आई आहे."

"मग झालं तर. आईवर सोपवा."

हा त्यानं विनोद समजला. पण पावसाळ्यात साहेबांचा निरोप समारंभ आला. दफ्तरातल्या लोकांना त्याची संध्याकाळची कीर्ती कुठून तरी कळली होती. त्यांनी माईक त्याच्या हातात दिला. गळा साफ न करता माईक धरण्याची ही त्याची पहिलीच वेळ. तोंड उघडलं आणि काही बाहेर येईना. त्यानं "माइक खराब है" असा हातानंच इशारा केला, मागच्या मागे गेला, आणि कोणाच्या तरी ग्लासातलं घशात ओतून परत आला. मग कार्यक्रम असा रंगला की साहेब रडले. परत येताना त्यानं स्कूटर भलत्याच घराच्या ओसरीत लावली आणि त्या घरच्या माणसांशी हुज्जत घातली की तुम्ही माझ्या घरात काय करून राहिले. त्या बिचाऱ्यांनी बंटीला फोन केला.

त्या रविवारी अश्वजीत पलंगावरून उठेना. "मले नाही जायचं. तिथं तोंड काय दाखवू?"

मालनबाईंनी लुगडं बदललं, काठी घेतली. "चाल. मी येतो."

"तू काहून येतेस?"

"माह्यावर सोपवलं म्हणे तू सारं. एकता सांगत होती. पाहू दे तर, काय सोपवलं ते."

ऑटोतून मायलेक सदरला उतरले. मालनबाई खोलीत शिरून सगळ्यात चांगल्या खुर्चीत बसल्या. मोहननं नम्रपणे सांगितलं की अम्माजी, इथे फक्त पिणारेच बसतात, घरच्यांची बैठक वेगळी असते.

"मी बी पेत होती," मालनबाई म्हणाल्या.

अश्वजीतनं मान फिरवून आईकडे पाहिलं.

"मोहाची. भंडाऱ्याकडे, धानाच्या रोवणीच्या दिवसात. चिखलातून आलं की साऱ्या बाया पेत. मग याचे बाबा, नारायणराव, फॅक्टरीत लागले, इकडं आलो. इथची मोहाची चाखून पाहिली. निरं पाणी! असला माल कोण पेते? सोडून देली."

खोलीला हसू आवरेना. विनताताईंनी चष्मा काढून डोळे पुसले. दारू सोडण्याचं इतकं साधं कारण त्या खोलीत आजवर कोणी दिलं नव्हतं.

मालनबाईंना ते हसू ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी त्या थांबल्या नाहीत. "याचं तसं नाही. हा लहानपणी बोलेच ना. एकेक शब्द असा अडके, जसा चाकात चिंधा. शाळेत पोरं हकला, हकला म्हणत. घरी येऊन मोरीत बसून राहे. मग कॉलेजात गेला अन् एका गॅदरिंगले एकदम फाडफाड बोलाले लागला. आमी खुश झालो. मी तर पेढे वाटले. मले वाटलं, पोरगा सुधारला." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पेढे वाटले मी, दारूचे."

अश्वजीत उठून बाहेर गेला. व्हरांड्यात जाऊन त्यानं कठडा धरला. ही गोष्ट इंदूलाही ठाऊक नव्हती; गळा साफ नसला की तो घरी हुं-हुंवरच भागवायचा. लग्न ठरलं तेव्हाच्या भेटीलाही तो गळा साफ करून गेला होता. विनताताई बाहेर आल्या, त्याच्याशेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.  पावसाची भुरभुर चालू होती आणि पहिल्या खोलीत कुणाची तरी लाइफ चेंज होत होती.

"म-म-म," अश्वजीत म्हणाला, आणि थांबला. "म-मला र-राग आला आहे."

"आत येऊन सांगा," त्या म्हणाल्या.

तो आत आला आणि त्यानं सांगितलं. चार वाक्यांना पाच माणसांना पुरेल एवढा वेळ लागला. शेर नव्हता, चुटकुला नव्हता. कॉलेजच्या नाटकाआधी एका मित्रानं पाजलेला पहिला घोट, आणि आपल्याच तोंडातून अख्खं वाक्य बाहेर पडताना ऐकून झालेला आनंद. तो आनंद खरा होता, हेही त्यानं सांगितलं. "त-त्याच्यासारखं क-काही नाही," तो म्हणाला, आणि कोणी त्याला खोटं पाडलं नाही. मोहननं चहा आणून हातात दिला. मालनबाईंना तोवर डुलकी लागली होती.

त्यानंतर अश्वजीत सुधारला असं म्हणणं घाईचं होईल. दिवाळीच्या सुमारास तो आणखी एकदा घसरला आणि पुन्हा आला. दफ्तरात लोकांना वाटलं त्याला लकवा झाला. कोणी नस चढल्याचं निदान केलं, कोणी मालिश सुचवली. इंदूला त्यानं स्वतः सांगितलं, अडखळत. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवढंच होतं तर आधी सांगायचं. मी हळू ऐकलं असतं." दुसऱ्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत केलं.

लग्न हिवाळ्यात झालं. एकतानं शब्द पाळला, माईक दिला नाही. बंटीनं साऊंडबरोबर निवेदनही सांभाळलं, आणि लोक म्हणाले, मजा नाही आला, रामटेके कुठे आहे? रामटेके दारात उभा होता, पगडी घालून, वऱ्हाडाचं स्वागत करायला. सुमेधचे वडील गाडीतून उतरले तेव्हा अश्वजीतला त्यांच्याशी एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं ते आठवडाभर इंदूसमोर घोकलं होतं. मागे ढोल वाजत होते. वऱ्हाड खोळंबलं.

"स-स-स-साक्षगंधाच्या व-वेळी म-मी..."

ढोलवाल्यांना वाटलं काही घोषणा आहे, त्यांनी वाजवणं थांबवलं. त्यामुळे आता सगळेच ऐकू लागले. अश्वजीतच्या कानशिलावरून थंडीतही घाम ओघळला. पण तो थांबला नाही. एकेक अक्षर ओढत त्यानं वाक्य शेवटापर्यंत नेलं. माफ करा, मी तेव्हा प्यालेलो होतो, आता पीत नाही, तुमचा मुलगा चांगला आहे.

सुमेधचे वडील शेवटपर्यंत उभे राहिले. मग त्यांनी अश्वजीतच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "समधीजी, खाना शुरू हो गया क्या?"

एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.

फेब्रुवारीत एका दुपारी विनताताईंचा फोन आला. त्या कधी स्वतःहून फोन करत नसत. "घरी या," म्हणाल्या. "बोलू नका काही. नुसते या."

त्यांचं घर सदरला, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या भागात. मुलगा दिल्लीहून आला होता, सकाळीच परतला. जाताना स्वयंपाकघराच्या फळीवर अर्धी रम विसरला. त्याला काही माहीत नव्हतं. आईचा काढा म्हणजे काय होता, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. विनताताई सकाळपासून त्या फळीसमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. साडीची इस्त्री पार मोडली होती.

अश्वजीत दुसरं स्टूल घेऊन बसला. इतके दिवस त्यांनी त्याचं ऐकलं होतं. आता त्या बोलू लागल्या, नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, रिकाम्या घराबद्दल, काही धागा नसलेलं. मध्येच रडल्या, मध्येच नळवाल्याला शिव्या दिल्या. अश्वजीतला मध्ये बोलावंसं वाटलं, पण शब्द तयार होईपर्यंत त्या पुढे गेलेल्या असत. म्हणून तो ऐकत राहिला. ऊन खिडकीतून सरकून ओट्यावर आलं.

"ओतून टाकू," शेवटी त्या म्हणाल्या. "कुठे ओतू? कुंडीत नको. झाड मरायचं."

"म-मोरीत."

बाटली त्यानं उचलली, झाकण त्यांनी काढलं. रम घळघळत मोरीत गेली आणि वास वर आला, गोड, उबदार, ओळखीचा. बाटली रिकामी झाली. तरी ती दोघं मोरीपाशी होती तिथेच उभी राहिली, नाकानं हळूहळू श्वास घेत, गरजेपेक्षा बराच वेळ.

"नळ सोडा आता," विनताताई म्हणाल्या.

"अ-अजून थोडं," अश्वजीत म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, हात लांब केला आणि नळ पूर्ण सोडला.